जुन्या फोटोंची परवानगी आणि फी: अभिलेखागाराला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

धरणकाठ
नमस्कार मंडळी. एका जुन्या धरणाच्या बांधकामावर आम्ही चौघं मिळून एक छोटं पुस्तक करतोय. प्रती पाचशेच, छपाईचा खर्च निघाला तरी आम्ही खूश. स्थानिक अभिलेखागारात त्या बांधकामाचे दोनेकशे फोटो आहेत, बहुतेक काचेच्या निगेटिव्हवरचे. त्यातले ४२ आम्ही निवडले आणि रीतसर अर्ज केला, तर उत्तरात तीन पानी फॉर्म आणि सोबत दरपत्रक आलं. स्कॅनिंगचे पैसे वेगळे, पुस्तकात छापायचे वेगळे, मुखपृष्ठावर घेतला तर जास्त, ई-बुक काढलं तर आणखी, आणि दुसरी आवृत्ती काढली की सगळं पहिल्यापासून. बेरीज केली तर छपाईपेक्षा फोटोच महाग पडतायत.

फोटो शंभर वर्षांहून जुने आहेत, काढणारा हयात असणं शक्य नाही, मग हे पैसे कसले? कॉपीराइटचे असतील तर तो संपलेला नाही का? आणि संपलेला असेल तर परवानगी तरी कशाला मागायची? तिथली माणसं चांगली आहेत, त्यांना दुखवायचं नाहीये, म्हणून आधी इथे विचारतोय. कुणी असं काम केलंय का?

मधलीसुट्टी
वाचतेय. आमच्याही संस्थेच्या स्मरणिकेसाठी हाच प्रश्न पुढच्या वर्षी येणार आहे.

वाटसरू२
शंभर वर्षं झाली ना? मग बिनधास्त छापा. कोण विचारतंय.

कलमवाला
वाटसरू, थांबा जरा. "शंभर वर्षं झाली" हा नियम कुठल्याच कायद्यात नाही, लोकांच्या तोंडी तेवढा आहे.

देशादेशात हिशोब वेगळा. भारतापुरतं सांगतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ ला लागू झाला, त्याआधी फोटोला निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं संरक्षण होतं. म्हणजे १९०८ उजाडायच्या आधीचा फोटो १९५८ लाच मोकळा झालेला होता, आणि नव्या कायद्याने मोकळ्या झालेल्या गोष्टी परत बांधल्या नाहीत. त्यानंतर फोटोची मुदत प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे, आधी ५० वर्षं, १९९२ च्या दुरुस्तीनंतर ६०. मग २०१२ ला ते कलमच गेलं आणि फोटोही इतर कलाकृतींसारखा झाला, काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सरकारी कामाचा फोटो असेल तर परत वेगळं, तिथे प्रसिद्धीनंतरची ६० वर्षं धरतात. ब्रिटनमध्ये आज सर्वसाधारण मुदत मृत्यूनंतर ७० वर्षं. अमेरिकेत तेव्हा छापून आलेल्या जुन्या फोटोंना प्रसिद्धीपासून ९५ वर्षं.

म्हणून धरणकाठ, पहिली गोष्ट ही शोधा की फोटो कुणी काढले, कधी काढले, कुणाच्या सांगण्यावरून काढले आणि तेव्हा कुठे छापून आले होते का. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय "संपला" किंवा "आहे" असं कुणीही छातीठोक सांगू नये, मीही नाही.

धरणकाठ
धन्यवाद. बरेचसे १९०५ ते १९१२ मधले आहेत. काही निगेटिव्हच्या कडेला तारीख कोरलेली आहे पण फोटोग्राफरचं नाव कुठेच नाही. बांधकाम खात्यानेच काढून घेतले असावेत.

कलमवाला
मग १९०५ ते ७ चे सुटले असं धरायला हरकत नाही. पुढचे तपासावे लागतील. आणि "कुणाच्या सांगण्यावरून" हे मी उगाच नाही विचारलं. भारतीय कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, काढणारा नाही.

पिवळंपान
सगळे कॉपीराइटवर बोलतायत पण धागाकर्त्याचा प्रश्न फीचा आहे आणि या दोन गोष्टी एक नाहीत!! मी हे फार महागात शिकलोय म्हणून सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या नाटक मंडळीवर लेखमाला केली होती. एका संग्रहाकडून आठ फोटो घेतले, फी भरली, पावती घेतली, श्रेयाची ओळ त्यांनी सांगितली तश्शी छापली. आणि दोन महिन्यांनी फोटोग्राफरच्या घरच्यांचं पत्र, आमच्या वडिलांचे फोटो तुम्ही विनापरवानगी छापलेत. मी पावती दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, यात कुठे लिहिलंय की हक्क त्या संग्रहाकडे आहेत? नव्हतंच लिहिलं. संग्रहाकडे फक्त प्रिंट होत्या, कुणीतरी मरणोत्तर दिलेल्या पेटीतून आलेल्या. माझे पैसे गेले होते ते त्या प्रिंटपर्यंत पोचण्याचे, छापण्याच्या हक्काचे गेलेच नव्हते. घरची माणसं समजूतदार होती, पुढच्या भागात त्यांच्या वडिलांवर स्वतंत्र लेख दिला आणि मिटलं, पण रात्रीची झोप गेली होती माझी.

तेव्हापासून मी तीन प्रश्न लेखी विचारतो. कागद कुणाचा? हक्क कुणाचा? आणि मी देतोय ते पैसे या दोनपैकी कशाचे?

सुईदोरा
पिवळंपान +१. कागद कुणाचा, हक्क कुणाचा. डायरीत लिहून ठेवलं.

अर्धविराम
माझं मत थोडं कडक आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने हक्क संपलेल्या चित्रासाठी वापराची फी घेणंच मुळात चूक आहे. स्कॅन केलं म्हणून नवा हक्क तयार होत नाही. अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात न्यायालयाने हेच सांगितलं, की हक्क संपलेल्या चित्राची तंतोतंत नक्कल ही नवी निर्मिती नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात, कलम १४ मध्ये, तेच लिहून टाकलं. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं संग्रहालयं स्कॅनवर कॉपीराइट सांगत आली, तिथेही अपील न्यायालयाचा नोव्हेंबर २०२३ चा एक निकाल असा आहे की त्यानंतर हा दावा टिकवणं अवघड झालंय (तो खटला मुळात संगणकावरच्या आलेखांचा होता पण स्वतःची निर्मिती कशाला म्हणायची ते त्यात आलंय).

आणि हे करूनही दरवाजे उघडणाऱ्या संस्था बुडाल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,७५,००० चित्रं सर्वांना मोफत केली. स्मिथसोनियनने २०२० मध्ये २८ लाख. मग एका धरणाच्या दोनशे फोटोंवर एवढं दरपत्रक कशाला?

कलमवाला
भारतात पण तोच सूर आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसते कष्ट आणि पैसा ओतला म्हणून कॉपीराइट येत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते. तो निकाल कायद्याच्या अहवालांबद्दलचा आहे, फोटोच्या स्कॅनबद्दल थेट नाही, पण तत्त्व लागू पडावं. मात्र अर्धविराम, एक राहिलं. कॉपीराइट नसला तरी करार असतो. तुम्ही त्या तीन पानी फॉर्मवर "फक्त एका आवृत्तीसाठी वापरेन" म्हणून सही केलीत तर ती तुम्हाला बांधते. म्हणून सही करण्याआधी वाचा, नंतर नाही.

काचनिगेटिव्ह
मी अशाच एका छोट्या अभिलेखागारात काम करते, कुठल्या ते लिहीत नाही. अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचून राग नाही आला पण गलबललं, म्हणून काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

एक काचेची निगेटिव्ह स्कॅन करायची म्हणजे काय. ती आडवी रचून ठेवायची नसते, लांब कडेवर उभी ठेवायची, एकीवर एक रचली की खालच्या तडकतात. फुटलेली असेल तर उलट, ती मात्र आडवी, वेगळ्या पेटीत. प्रत्येकीला चार पाकळ्यांचं आम्लमुक्त कागदाचं पाकीट, कारण नेहमीच्या पाकिटाची डिंकाची शिवण वर्षानुवर्षं त्या थराला खात राहते. कपाटातून काढली की लगेच पाकीट उघडायचं नाही, खोलीच्या हवेला येऊ द्यायची, नाहीतर काचेवर दव धरतं. मग हातमोजे, मग फक्त काचेच्या बाजूने ब्रश, कारण दुसऱ्या बाजूला जिलेटिनचा थर आहे आणि चित्र म्हणजे तो थरच. मग स्कॅन, मग मूळ फाइल वेगळी जपायची आणि तुम्हाला द्यायची प्रत वेगळी करायची. मग नोंदवहीत क्रमांक. ४२ निगेटिव्ह म्हणजे माझे चांगले आठ-दहा दिवस, आणि त्या दिवसांत वाचनकक्षात आलेल्या माणसाला "उद्या या" सांगावं लागतं.

या कामाचे पैसे मागायला मला लाज वाटत नाही. पण वापराची फी, आवृत्तीची फी, मुखपृष्ठाची फी, याबाबतीत अर्धविराम बरोबर आहेत असं मलाही आतून वाटतं. आमचं दरपत्रक कुणीतरी कधीतरी एका मोठ्या फोटो एजन्सीचं बघून केलेलं आहे आणि तेव्हापासून कुणी त्याला हात लावलेला नाही. त्यात जाहिरात कंपनी आणि शाळेतला मुलगा एकाच रांगेत. मी बदलायचा प्रस्ताव दिला होता, "उत्पन्न बंद होईल" म्हणून परत आला. प्रत्यक्षात ती फी वसूल करायला जी पत्रं, पावत्या, आठवणी कराव्या लागतात त्यातच ते उत्पन्न जातं.

आणि धरणकाठ, तुम्ही म्हणालात की तिथल्या माणसांना दुखवायचं नाही. सवलत मागितली तर दुखावतील का? नाही हो. उलट कुणीतरी नीट पत्र लिहून मागावी याची आम्ही वाट बघत असतो, कारण मग मला वरिष्ठांपुढे ठेवायला कागद मिळतो. तोंडी विनंतीचा कागद होत नाही.

अर्धविराम
काचनिगेटिव्ह, मनापासून आभार. माझा रोख वापराच्या फीवर होता, तुमच्या हातांवर नव्हता, पण लिहिताना मी ते वेगळं केलं नाही हे खरं. स्कॅनिंगचे पैसे द्यायलाच हवेत.

तुमच्या शेवटून दुसऱ्या मुद्द्याला एक जोड. २००४ मध्ये अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या दरांवर सायमन टॅनर यांनी अभ्यास केला होता, त्यात एकाही संग्रहालयाने खर्च वजा जाता मोठा नफा होतो असं सांगितलं नाही. वरिष्ठांपुढे ठेवायला हाही कागद.

वाटसरू२
माझा वरचा "कोण विचारतंय" मागे घेतो. दव धरतं हे माहीतच नव्हतं.

शाईदौत
थोडं अवांतर पण याच विषयातलं. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) लोकांच्या मोफत वापरासाठी देऊन टाकले. पुढे त्यांच्याच संस्थेच्या वेबसाइटवर त्यांचाच फोटो होता म्हणून एका एजन्सीच्या वतीने त्यांना १२० डॉलर भरा अशी नोटीस आली! त्या २०१६ मध्ये कोर्टात गेल्या पण फारसं हाती लागलं नाही, कारण हक्क सोडलेल्या चित्राची प्रत विकायला कायद्याची आडकाठी नाही. मोफत असलेली गोष्टही कुणी विकत असेल तर विकणाऱ्याकडे न जाता मूळ संग्रहाकडे जावं, तिथे तीच फाइल बहुतेक वेळा जास्त चांगली मिळते.

मधलीसुट्टी
बाई गं, स्वतःच्या मुलाला उचलून घेतलं म्हणून भाडं मागितल्यासारखं झालं हे.

नकलनवीस
मी पुस्तकांची मांडणी करतो तेव्हा छपाईच्या बाजूने दोन शब्द. लोक सगळे ४२ फोटो सगळ्यात मोठ्या फाइलमध्ये मागतात आणि मग दर बघून घाबरतात. आधी छोट्या, पाणचिन्ह असलेल्या प्रती मागा, पानांची कच्ची मांडणी करा, कुठला फोटो अर्ध्या पानाचा कुठला पाव पानाचा ते ठरू द्या. छापील आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं. पाव पानाच्या फोटोला भिंतीएवढी टिफ फाइल नको असते. माझ्या अनुभवात मांडणी झाली की एक तृतीयांश फोटो आपोआप गळतात, कारण तीच भिंत तीनदा आलेली असते.

दुसरं, फॉर्ममध्ये "कातरणे, रंग भरणे, बदल करणे" याबद्दल कलम असतं ते बघा. हल्ली संगणकाकडून जुन्या फोटोत रंग भरून घ्यायची लाट आहे. तो रंग अंदाजाचा असतो. बाईच्या लुगड्याचा रंग कुठला होता हे निगेटिव्हला माहीत नाही. करायचंच असेल तर फोटोखाली स्पष्ट लिहा, आणि अभिलेखागाराला आधी विचारा.

सुईदोरा
वाचनकक्षात मोबाइलने काढलेले फोटो चालतात का पुस्तकात? बऱ्याच ठिकाणी मोबाइल नेऊ देतात की.

काचनिगेटिव्ह
ती परवानगी बहुतेक ठिकाणी अभ्यासापुरती असते, आत जाताना ज्या कागदावर सही करता त्यात ते असतं. छापायचं असेल तर वेगळं विचारायचं. आणि फ्लॅश बंद. प्लीज.

पिवळंपान
आणखी एक मुद्दा कुणी काढला नाही, देणगीदाराच्या अटी. काही पेट्या संग्रहाला कायमच्या दिलेल्या असतात, काही नुसत्या ठेवायला दिलेल्या असतात, मालकी घरच्यांचीच. आणि काही देताना अट घालतात, अमुक फोटो अमुक वर्षापर्यंत दाखवू नका. या अटी कॉपीराइटशी संबंधित नसतात पण संस्थेने शब्द दिलेला असतो. अशा फोटोसाठी हट्ट करू नये असं माझं मत.

शाईदौत
आणि फोटोतल्या माणसांचं काय? दवाखान्यातले रुग्ण, कैदी, अनाथाश्रमातली मुलं. हक्क संपला, फी भरली, परवानगी आली, तरी छापायचं का हा प्रश्न उरतोच. १८६८ ते १८७५ मध्ये इंग्रजांनी "द पीपल ऑफ इंडिया" म्हणून आठ खंड काढले, त्यात माणसं जातीजमातीचे नमुने म्हणून उभी केलेली आहेत. कायद्याने ते फोटो कधीचे मोकळे आहेत. पण छापताना मी दहादा विचार करेन की फोटोखाली त्यांचीच ओळ छापायची की त्या माणसाबद्दल काही लिहायचं.

धरणकाठ
शाईदौत, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. आमच्या फोटोंत इंजिनिअर उभे आहेत तिथे नोंदवहीत प्रत्येकाचं नाव, हुद्दा, डावीकडून उजवीकडे. आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या पन्नास माणसांच्या फोटोखाली एकच शब्द, "मजूर".

अर्धविराम
मग धरणकाठ, तुमच्या हातात पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे. ती माहिती अभिलेखागाराला द्या.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये तीन हजारांच्या आसपास जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर टाकले आणि लोकांना सांगितलं की काही ओळखत असाल तर लिहा. वर्ष संपायच्या आत पाचशेहून जास्त नोंदी त्यांनी लोकांच्या माहितीवरून सुधारल्या. जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऐंशी हजारांवर फोटो विकिमीडियाला दिले, त्यांनाही चुकलेल्या ओळी दुरुस्त करून मिळाल्या. फोटोची ओळख हा संग्रहाचा सगळ्यात महाग माल, तो पगार देऊन मिळत नाही. तुमच्या भागात त्या मजुरांची नातवंडं, पतवंडं असतील.

काचनिगेटिव्ह
हे शंभर टक्के. मला कुणी फीऐवजी पंचवीस चेहऱ्यांची खात्रीची नावं दिली तर मी स्वतः वरिष्ठांच्या खोलीबाहेर बसेन. फक्त नाव कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कशावरून ओळखलं हे सोबत लिहून आणा, नुसती यादी नको.

कलमवाला
पत्रात काय मागायचं ते एकदा लिहून टाकतो. स्कॅनिंगचा खर्च देऊ. विनानफा आणि कमी प्रतींमुळे वापराची फी माफ व्हावी. परवानगी छापील आणि ई-बुक दोन्हीला, आणि फेरछपाईलाही, एकदाच मिळावी. प्रत्येक फोटोपुढे हक्काची स्थिती काय आहे ते त्यांनी लिहून द्यावं, "माहीत नाही" असेल तर "माहीत नाही" असंच. श्रेयाची ओळ त्यांची, क्रमांकासकट. पुस्तकाच्या दोन प्रती त्यांना.

आणि फॉर्ममध्ये "काही दावा आल्यास सर्व जबाबदारी अर्जदाराची" असं कलम असतं. हक्क कुणाचा ते सांगायचं नाही आणि जबाबदारी मात्र सगळी तुमची, हे एकत्र मान्य करू नका. नम्रपणे खोडा आणि बाजूला सही करा.

मधलीसुट्टी
वाचनखूण साठवली. धरणकाठ, पुढे काय झालं ते नक्की सांगा.

धरणकाठ
सात आठवड्यांनी परत येतोय.

पत्र दिलं, कलमवाल्यांच्या मुद्द्यांप्रमाणे. नकलनवीस म्हणाले तसं आधी मांडणी केली, ४२ चे २९ झाले. वापराची फी पूर्ण माफ झाली नाही, निम्मी झाली, पण ई-बुक आणि फेरछपाई त्यातच धरली. स्कॅनिंगचे पूर्ण दिले, आनंदाने दिले. जबाबदारीचं कलम "अर्जदाराच्या चुकीमुळे दावा आल्यास" असं बदलून मिळालं. दोन फोटोंना घरच्यांची अट निघाली, ते सोडले. एका फोटोपुढे त्यांनी खरंच "हक्क कुणाचा, माहीत नाही" लिहून दिलंय.

आणि छोट्या प्रती घेऊन आम्ही धरणाच्या खालच्या वस्तीत तीन रविवार बसलो. पहिल्या रविवारी कुणीच ओळखेना, फोटो आजीआजोबांच्याही आधीच्या पिढीचे. दुसऱ्या रविवारी एका आजींनी भिंग मागितलं. पाटी घेतलेल्या रांगेतली तिसरी बाई, डाव्या हाताला दोनच बोटं. त्या म्हणाल्या, ही माझी आजी, सुरुंगात बोटं गेली तरी कामावर जायची, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. घरात दुसऱ्या दोघांना वेगवेगळं विचारलं, तेच सांगितलं. मग एकाचं ऐकून दुसरा आठवायला लागला. आत्तापर्यंत सहा नावं झालीत, पंचवीस नाहीत. अभिलेखागाराने त्या सहाही जणांची नावं कुणी आणि कधी सांगितलं यासकट नोंदवहीत घेतली. आम्ही समोर बसलेलो असताना, पेन्सिलने.

काचनिगेटिव्ह
पेन्सिलनेच करतात, शाई चालत नाही. सहा खूप आहेत हो. खूप आहेत.

नकलनवीस
नाव फोटोच्या खालीच घ्या, मागच्या श्रेयसूचीत नको. आणि इंजिनिअरांच्या नावाला जो टाइप आणि जो आकार आहे तोच.

धरणकाठ
तसंच घेतलंय, पान ३१. आजींना प्रूफ दाखवून आलो कालच.